अर्ज क्रमांक पाच

४ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी लिहायला घेतली. पुढेमागे कुणी विचारलंच की ही वसाहत वाचवली कुणी, तर कागदोपत्री काहीतरी असलेलं बरं.

शाळाखात्याचं पत्र आलं आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला साहेब पटमोजणीला येणार. त्या दिवशी वर्गात पंधरा मुलं हजर दिसली नाहीत, तर शाळा बंद. सध्या पटावर अकरा आहेत. शाळेत शिक्षिका एकच, ती म्हणजे आमची ही. त्यामुळे पत्र घरी दोनदा वाचलं गेलं, एकदा हिने मनातल्या मनात आणि एकदा मी मोठ्याने. माझं वाचून झाल्यावर ही म्हणाली, शाळा बंद झाली तर मला शहरातल्या शाळेत घेतील, मुलीकडे राहता येईल, नोकरीची दोनच वर्षं उरली आहेत. मी म्हटलं, बंद होण्याचा प्रश्नच येत नाही. ती म्हणाली, "झाली तर म्हणाले," आणि भाजी निवडायला बसली. हिला उगाच पुढचं पुढचं सुचतं.

कागदाची मिल बंद पडून आठ वर्षं झाली. वसाहतीत क्वार्टर दोनशे चाळीस. मिलमध्ये मी अठ्ठावीस वर्षं वजनकाट्यावर क्लार्क होतो. ट्रक आत येताना रिकामा तोलायचा, बाहेर जाताना भरलेला, आणि फरकाची पावती फाडायची. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आता संध्याकाळी फिरायला गेलो की बंद घरांची कुलपं मोजून येतो. आज १८१.

९ नोव्हेंबर

वसाहत विकास समिती स्थापन झाली. अध्यक्ष फोरमनसाहेब. सभासद मिलच्या दवाखान्यातले कंपाउंडर, ज्यांना इथे सगळे डॉक्टर म्हणतात आणि तेही नाही म्हणत नाहीत. सेक्रेटरी मी. माझी निवड एकमताने झाली, कारण बाकी दोघांचं अक्षर त्यांनाच लागत नाही.

ठराव असा की बाहेरून मुलाबाळांची कुटुंबं आणायची आणि रिकामी क्वार्टर त्यांना राहायला द्यायची. किल्ल्यांचा जुडगा फोरमनसाहेबांकडेच आहे. ते म्हणाले, येऊ देत, पण आपल्यासारखी माणसं हवीत. कुणीही उपटसुंभ येऊन बसला तर मूळच्या रहिवाशांचं वळण बिघडेल. मूळच्या रहिवाशांत फोरमनसाहेब सर्वांत मूळचे, मिल सुरू झाली त्याच वर्षी आलेले. मी त्यांच्यानंतर तीन वर्षांनी आलो. डॉक्टर माझ्याही नंतर दोन वर्षांनी, म्हणून ते सभेत जरा बेतानेच बोलतात.

घरी येऊन हिला आठवण करून दिली की छत्तीस वर्षांपूर्वी आपण इथे कसे मानाने आलो होतो. हातात नोकरी, बरोबर आई आणि धाकटा भाऊ, कडेवर मुलगी, आईचं शिवणयंत्र, पत्र्याची ट्रंक. वर्षाच्या आत क्वार्टर मिळालं. ही वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती, आणि क्वार्टर मिळेपर्यंत कुठे राहिलो तेही सांगा की सभेत. मी म्हटलं, असले बारीकसारीक तपशील इतिहासात येत नसतात.

१७ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मजकूर माझा.

एक उपद्रव नोंदवून ठेवतो. गेटजवळ वजनकाट्याच्या मागे एक खोली आहे, आमची जुनी पावतीपुस्तकं तिथे असायची. तिथे एक कुटुंब घुसलं आहे. रस्त्याच्या कडेने केबल टाकायला चर खणताहेत, त्या कामावरचा माणूस, त्याची बायको आणि चार मुलं. काट्याच्या कठड्यावर कपडे वाळत असतात. मुलं लोखंडी पाटावर चढून उड्या मारतात आणि थोरली मुलगी काचेतून तबकडी पाहून आकडा ओरडते. काटा गंजून बसला असेल असं मी धरून चाललो होतो, तो अजून हलतो. तरी हा प्रकार बरा नव्हे. परवा समितीच्या वतीने दारावर नोटीस चिकटवली. आज पाहिलं तर ती काढून तिच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी एक ते वीस आकडे गिरवले होते.

२५ नोव्हेंबर

मुलाचा फोन आला. दुसऱ्या देशात नोकरी लागून त्याला चार महिने झाले, अजून घर मिळत नाही. तिथले घरमालक अर्ज भरून घेतात. त्यात एकोणचाळीस प्रश्न. घरात माणसं किती, त्यांचा आवाज किती, स्वयंपाकाचा वास दाराबाहेर जातो का, आईवडील येऊन राहण्याचा संभव आहे का. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, माणसाला माणूस म्हणून बघायचं की बाजारातल्या बैलासारखे दात मोजायचे? शिकलासवरलेला मुलगा, आणि त्याच्या फोडणीची चौकशी करतात. तो कागद मला पाठव म्हणून सांगितलं. कुठेतरी तक्रार करावी असा हेतू होता.

संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. अन्याय तो अन्यायच. पण फॉर्म म्हणून पाहिलं तर कबूल करावं लागेल की अतिशय सुबक आहे. रकाने सरळ, उजवीकडे गुणांसाठी वेगळी पट्टी, कुठे गोंधळाला जागा नाही. जेवणानंतर पुन्हा एकदा पाहिला.

२८ नोव्हेंबर

समितीचा अर्ज तयार झाला. प्रश्न त्रेचाळीस, गुण शंभर. एकोणचाळीस प्रश्न आयते मिळाले, चार मी घातले. चांगलं जिथे मिळेल तिथून घ्यावं. वासाला पाच गुण, शांततेला दहा (दर मुलामागे दोन वजा), नोकरीच्या स्थैर्याला पंधरा. शेवटचा, त्रेचाळिसावा प्रश्न माझ्या स्वतःच्या डोक्यातला आहे. 'येथे किती वर्षे राहण्याचा विचार आहे?' त्याला दहा गुण.

हिला सगळा वाचून दाखवला. तिने अर्ज हातात घेऊन पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "आपल्याला भरता आला असता का हो हा?"

मी म्हटलं, आपला प्रश्न येतो कुठे, आपण तर इथलेच.

१९ डिसेंबर

जाहिरातीवर सव्वीस पत्रं आली. सव्वीस अर्ज पाठवले. भरून चार परत आले. फोरमनसाहेब खूश आहेत, म्हणाले चाळण चांगली बारीक झाली आहे.

पक्षपात नको म्हणून अर्जदारांची नावं झाकायची ठरली. हे काम हिच्याकडे दिलं, कारण परीक्षेच्या पेपरांवर नावाच्या जागी पट्टी डकवायची तिला सवय आहे. अक्षरावरूनही मत बनतं, तेव्हा सगळे अर्ज तिने एकाच स्वच्छ अक्षरात उतरवायचे, नाव-पत्त्यावर पट्टी लावून क्रमांक घालायचे. आम्ही फक्त गुण देणार. पुढे पत्रांवर पत्तेही तीच घालणार. तिने हे काम आनंदाने घेतलं असं म्हणता येणार नाही, पण घेतलं.

आज कुलपं १८३. पंपवाला मुलाकडे गेला आणि पलीकडच्या गल्लीतल्या आजी मुलीकडे. दोघंही महिनाभरात येतो म्हणाले. आत्तापर्यंत सगळे असंच म्हणून गेले आहेत.

७ जानेवारी

पाचवा अर्ज शेवटच्या दिवशी आला, असं ही म्हणाली. पोस्टमन माझ्यापाशी बोलला नाही. असो, मुदतीत आहे.

हल्ली ही शाळेतून उशिरा येते. आज माळ्यावरच्या चार जुन्या पाट्या काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि पिशवीत घालून घेऊन गेली. कशाला ते विचारायचं राहून गेलं.

१२ जानेवारी

गुण देण्याची सभा. तीन तास चालली. सविस्तर नोंद करतो, कारण या कामाचा मला अभिमान वाटतो.

क्रमांक एक. निवृत्त जोडपं, भरपूर पुस्तकं, पाहुणे येत नाहीत, आवाज शून्य. त्रेचाळिसाव्या प्रश्नाला उत्तर: 'आजन्म.' एकूण अठ्ठ्याऐंशी.

क्रमांक दोन. नवरा-बायको आणि तीन मुलं. पण ओट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणतात. सत्तावन्न. क्रमांक तीन, मुलं पाच, शिवाय शेळ्या. चव्वेचाळीस. क्रमांक चार, एक बाई आणि दोन मुलं, 'कुटुंबप्रमुख' हा रकाना रिकामा. रिकाम्या रकान्याला काय गुण देणार? अडतीस.

क्रमांक पाचने मात्र कमाल केली. अर्जदार सत्तावीस वर्षांचा, कॉलेज अर्धवट सोडलेला. नोकरी तात्पुरती, तीन महिन्यांची. बायको बावीसची, एक मुलगी दीड वर्षाची, दुसरं मूल होऊ घातलेलं. वर खोकल्याने आजारी आई, ती घरीच शिवणकाम करणार, म्हणजे यंत्राचा खडखडाट. शिवाय बेकार धाकटा भाऊ. सामान एक ट्रंक. आधीचं गाव का सोडलं, तर 'थोरल्या भावाशी पटलं नाही.' म्हणजे स्वभाव भांडखोर. आणि किती वर्षं राहणार, तर 'माहीत नाही.' हे काय उत्तर झालं? मी शेऱ्यात लिहिलं, 'जबाबदारीची जाणीव नाही. भार होईल.' डॉक्टरांनी चाळीस गुण दिले (त्यांना खोकल्याची दया येते), फोरमनसाहेबांनी एकतीस, मी बावीस. सरासरी एकतीस.

घरी आल्यावर हिने निकाल विचारला. क्रमांक एक निवडला म्हटल्यावर म्हणाली, त्यांना मुलं किती? मी म्हटलं, एकही नाही, म्हणून तर शांततेचे पूर्ण गुण मिळाले. ती खुर्चीवर बसली. हे सगळं शाळेसाठी चाललंय ना, असं तिने विचारलं. मी समजावलं की आधी वसाहतीचा दर्जा ठरला पाहिजे, मुलं मागाहून येतात. ती म्हणाली, दोघं बासष्ट वर्षांची आहेत. हे खरं आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण फॉर्ममध्ये शाळेच्या मुलांना वेगळे गुण नाहीत, त्याला मी तरी काय करणार.

मग तिने एवढंच विचारलं, "पाचला तुम्ही किती दिलेत?"

बावीस म्हटलं. तिने मान हलवली.

३ फेब्रुवारी

क्रमांक एकचं जोडपं वसाहत पाहायला आलं. आम्ही तिघं इस्त्रीच्या कपड्यांत गेटवर उभे. चारही गल्ल्या दाखवल्या. बाईंनी दोनदा विचारलं की माणसं कुठे आहेत. फोरमनसाहेब अभिमानाने म्हणाले, हीच तर इथली शांतता. दोन तासांत परतीची बस पकडून गेले. वजनकाट्याशी मात्र बाई बराच वेळ उभ्या होत्या, त्या केबलवाल्याच्या मुलांनी त्यांना पाटावर उभं करून वजन सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी

त्यांचं पत्र आलं. अत्यंत सभ्य भाषेत नकार. जिथे थोडी जाग आहे, मुलांचा आवाज कानावर पडतो, अशा जागी राहावंसं वाटतं, असं लिहिलं आहे. आजन्म म्हणणारी माणसं दोन तासांत बदलली. कुणावर विश्वास ठेवायचा?

तातडीने क्रमांक दोनला पत्र पाठवलं. सायकल दुरुस्तीला समितीची हरकत नाही, असं कळवलं. हे वाक्य लिहिताना हात जड झाला.

१६ फेब्रुवारी

क्रमांक दोनचं उत्तर. दीड महिना वाट पाहिली, मग दुसरीकडे गेलो, दुकान बरं चाललं आहे. फोरमनसाहेब म्हणाले, आता तीन-चार-पाचच्या दारात जाऊन पाया पडायचे नाहीत, दर्जा म्हणजे दर्जा. सूचक फोरमनसाहेब, अनुमोदक मी.

घरी शाई शोधायला हिचा खण उघडला. त्यात बदलीचा अर्ज होता, शहरातल्या शाळेसाठी, स्वखुशीने. वरवर पाहिला तर भरलेला, सही केलेला, तारीख घालायची राहिलेली. शाळा बंद झाली तर बदली आपोआप होईल, मग स्वखुशीचा अर्ज कशाला? माणूस हौसेने अर्ज भरत नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, पण ही शाळेतून आली ती खडूने माखलेली आणि हसतमुख, इतकी हसतमुख मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. विचारलं नाही. खण पूर्वीसारखा लावून ठेवला.

मला भीती वाटते. हे इथे लिहायला हरकत नाही.

१९ फेब्रुवारी

फाईल बंद करायची म्हणून तीन, चार आणि पाचला नकाराची पत्रं लिहिली. मजकुरावर मेहनत घेतली. 'आपली अनिश्चित नोकरी व कौटुंबिक भार पाहता आपण या वसाहतीत रुजू शकाल असे समितीस वाटत नाही. आपणांस योग्य अशी जागा अन्यत्र मिळो, ही सदिच्छा.' हिने पाकिटांवर पत्ते घातले आणि स्वतः पेटीत टाकून आली. एरवी टपाल माझ्याकडे असतं.

आज कुलपं १८४.

२४ फेब्रुवारी

दुपारी चहाच्या वेळी दार वाजलं. केबलवाला आणि त्याची थोरली मुलगी. त्याच्या हातात पाकीट. म्हणाला, पत्र आमच्या खोलीच्या पत्त्यावर आलंय, पण नाव तुमचं आहे. या पोरीने वाचलं.

पाकिटावर खरोखरच माझं नाव. खाली पत्ता, 'वजनकाट्यामागची खोली.' आत माझंच पत्र, माझ्याच सहीचं. अर्ज क्रमांक पाच.

आधी वाटलं टपालाची चूक. मग वाटलं या माणसाने वजन पडावं म्हणून माझ्या नावाने अर्ज केला असणार. मी त्याला फैलावर घेतलं. तो गोंधळला. म्हणाला, साहेब, मी कसला अर्ज करणार, जिथे चर तिथे आमचं घर. मी विचारलं, मग अर्जात एकच मुलगी का लिहिलीस, तुला तर चार आहेत. त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी माझ्याकडे अशी पाहत होती, जणू माझंच काहीतरी बिनसलं आहे. तिला विचारलं, वाचायला कुठे शिकलीस? म्हणाली, बाईंकडे, मागच्या बाकावर बसतो आम्ही.

एवढ्यात ही शाळेतून आली. पाकीट पाहून म्हणाली, आलं का, पाच दिवस लागले. त्या दोघांना तिने उद्या वेळेवर या म्हणून वाटेला लावलं. मग कपाटातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पट्टी न लावलेला अर्ज क्रमांक पाच. अर्जदार मी. वय सत्तावीस. बायको ती. दीड वर्षाची आमची मुलगी. खोकणारी आई. धाकटा भाऊ.

"आपण आलो त्या दिवसाचं लिहिलंय सगळं," ती म्हणाली. "एक शब्द खोटा नाही, बघा तपासून."

मी म्हटलं, ही समितीची फसवणूक आहे, असा अर्ज बाद होतो.

"बाद तर तुम्ही केलाच आहे. आता आपण जायचं कुठे तेवढं कळवा. ट्रंक काढते माळ्यावरून."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी

कुलपं मोजायला गेलो नाही.

सकाळी वजनकाट्याकडे गेलो. केबलवाला कामावर होता, त्याच्या बायकोने चटई टाकली. खोली तेवढीच आहे, अकरा फूट बाय नऊ. फरशीवर खिडकीखाली चार खळगे आहेत. आईच्या शिवणयंत्राचे पाय. मुलगा याच खोलीत झाला. बाहेर ट्रक तोलायला उभे होते, मी पावती फाडत होतो आणि आतून त्याचं रडणं ऐकू आलं. अकरा महिने आम्ही सहा माणसं इथे राहिलो, आणि मी ही गोष्ट छत्तीस वर्षांत कुणाला सांगितली नाही. आता तर मलाही खरी वाटेनाशी झाली होती.

आम्ही आलो त्या दिवशी गेटवर एक पहारेकरी होता. त्याने ट्रंककडे पाहिलं, हिच्या पोटाकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, नळ कुठे आहे माहीत आहे का? मग स्वतः येऊन दाखवला. त्रेचाळिसातला एकही प्रश्न त्याला सुचला नाही. सुचला असता तर आम्ही त्याच बसने परत गेलो असतो.

मला लाज वाटली. जबाबदारीची जाणीव नाही, असं मी त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. तो तर घाबरलेला होता, एवढंच.

२८ फेब्रुवारी

साहेब साडेदहाला आले. वर्गात पंधरा मुलं. अकरा आमची, चार मागच्या बाकावरची, केस विंचरलेली, समोर आमच्या माळ्यावरच्या पाट्या. साहेबांनी एकेकाला उभं करून मोजलं. मग विचारलं, ही चार पटावर कधी आली? ही म्हणाली, जानेवारीपासून रोज हजर आहेत. साहेब म्हणाले, हजेरी ठीक, पण ती इथली रहिवासी असल्याचा दाखला लागेल, समितीच्या सेक्रेटरीच्या सहीचा.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ही सोडून. ती फळा पुसत होती.

फोरमनसाहेब पुढे झाले आणि म्हणाले, दाखला कसा देणार, या लोकांनी समितीचा अर्जच भरलेला नाही.

मी म्हटलं, "भरलेला आहे. क्रमांक पाच."

फोरमनसाहेबांना आकडे पक्के लक्षात राहतात. तो तर आपण नाकारला, एकतीस गुण, असं ते म्हणाले. मी म्हटलं, फेरविचारात मंजूर केला. कुणी केला म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी डोळे बारीक केले. त्या अर्जात मुलगी एकच होती, ते म्हणाले.

"अर्ज जुना आहे," मी म्हटलं. "मुलं वाढली."

डॉक्टरांना एकदम खोकला आला. ते तोंडाला रुमाल लावून व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ तिथेच खोकत राहिले. मी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. साहेबांनी तो फाईलला लावला आणि चहा घेऊन गेले. शाळा चालू राहणार.

सरकारी माणसासमोर मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. रात्री नेहमीपेक्षा चांगलं जेवलो.

४ मार्च

समितीची सभा. वसाहतीची लोकसंख्या सहाने वाढवल्याबद्दल समितीने स्वतःचं अभिनंदन केलं. फोरमनसाहेबांनी भाषणात सांगितलं की हे काटेकोर निवडपद्धतीचं यश आहे. मी इतिवृत्तात तसंच लिहून घेतलं. मग त्यांच्याकडून शेवटच्या गल्लीतल्या क्वार्टरची किल्ली मागून घेतली.

केबलवाल्याला किल्ली नेऊन दिली. तो म्हणाला, चराचं काम अजून तीन-चार महिने आहे, पुढचं काही सांगता येत नाही साहेब. मी विचारलं, नळ कुठे आहे माहीत आहे का? तो म्हणाला, नाही. चालत जाऊन दाखवला. मुलं पुढे, आम्ही मागे. परत येताना कुलपं मोजली. १८३.

संध्याकाळी ही वह्या तपासत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं की खणातला कागद पाहिला आहे. ती म्हणाली, माहीत आहे, तुम्ही खण लावता तेव्हा घट्ट लावता. बदली घेणार का, असं विचारलं. अजून ठरवलं नाही, म्हणाली. त्या अर्जात काय लिहिलंय कारण, असं विचारलं. ती म्हणाली, "रकाना कोराच आहे. खरं कारण लिहिण्याएवढी जागा नव्हती."

मी उठून कपाट उघडलं. मग समितीचा एक कोरा अर्ज काढला, बेचाळीस प्रश्नांवर उभी रेघ मारली आणि शेवटचा तेवढा तिला विचारला. येथे किती वर्षे राहण्याचा विचार आहे?

तिने लाल पेन खाली ठेवलं. खिडकीतून शेवटच्या गल्लीकडे पाहिलं. तिथे आठ वर्षांनी एका घरात दिवा लागला होता आणि कुणीतरी पाढे म्हणत होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

हेच उत्तर देऊन ती इथे छत्तीस वर्षं राहिली आहे. मी ते रकान्यात लिहिलं आणि पुढे दहापैकी दहा गुण दिले.